परिचर्येचे शिक्षण : कर्जाचा हिशेब आणि सेवेचे मोल

बारावीचा निकाल लागला की पेण आणि रोहा यांच्या मधल्या पट्ट्यातील अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो. नागोठणे त्या पट्ट्याच्या मध्यावर वसलेले. एका बाजूला अंबा नदी, दुसऱ्या बाजूला मुंबई-गोवा महामार्ग, आणि पलीकडे पेट्रोकेमिकल प्रकल्पाच्या चिमण्या. मुलगा असेल तर आयटीआय, मग कारखान्यात ठेकेदाराकडे काम, ही वाट ठरल्यासारखी असते. मुलगी विज्ञान शाखेतून बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झाली असेल, तर कुणीतरी आत्या किंवा मावशी सुचवते, "तिला नर्सिंगला घाला. नोकरी कुठे जात नाही." मग चौकशी सुरू होते. शासकीय संस्थेतील जागा थोड्या, खाजगी महाविद्यालयाचे शुल्क मोठे. शुल्क, वसतिगृह, गणवेश, पुस्तके यांची बेरीज कागदावर मांडली की वडील गप्प होतात आणि आई म्हणते, "बँकेत विचारून पाहू या."

हा प्रश्न वरवर पाहता पैशाचा आहे. आमच्या मते तो नीतीचाही आहे. रुग्णसेवेला आपण ख्रिस्ती माणसे पवित्र कार्य मानतो. मग ज्या शिक्षणातून मुलगी सेवाकार्यात उतरणार, ते शिक्षण तिच्या भावी पगाराच्या तराजूत तोलणे योग्य आहे काय? आणि तोलले, व पारडे कर्जाच्या बाजूला झुकले, तर तिला त्या वाटेने पाठवू नये काय? या दोन प्रश्नांचा शांतपणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम थोडा इतिहास. परिचर्येचे शिक्षण कर्ज काढून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी नाही. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी उभारलेल्या मिशन रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले आणि तेथील विधवा व परित्यक्ता स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. उच्चवर्णीय घरातील स्त्रीने परक्या रुग्णाच्या अंगाला हात लावायचा, ही कल्पनाच त्या काळी समाजाला सहन होणारी नव्हती. त्या स्त्रियांनी लोकनिंदा सोसली. पण त्यांच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज नव्हते.

पुढेही बराच काळ रुग्णालयाला जोडलेल्या परिचर्या शाळांची रीत अशी होती की, विद्यार्थिनी वसतिगृहात राहायची, शिकता शिकता वॉर्डात राबायची आणि त्याबदल्यात तिला जेवणखाण व थोडेसे विद्यावेतन मिळायचे. तिच्या श्रमांवर रुग्णालय चालायचे. या रीतीतही शोषण नव्हते असे नाही. रात्रपाळी करून सकाळच्या तासाला पेंगणाऱ्या मुलींच्या हकीकती जुन्या परिचारिका आजही सांगतात. तरी एक गोष्ट स्पष्ट होती. शिक्षणाचा भार संस्थेने, म्हणजे अंती समाजाने उचललेला असे. दरिद्री घरातली मुलगी हात हलवत वसतिगृहात यायची आणि तीन-साडेतीन वर्षांनी टोपी व प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची.

ते चित्र आता पुष्कळ बदलले आहे. शासकीय संस्था आहेत, त्यांत विद्यावेतनही आहे. परंतु जागा मर्यादित असल्याने बहुसंख्य मुली खाजगी संस्थांकडे वळतात. तिथे दोन वर्षांचा ए.एन.एम., तीन वर्षांचा जी.एन.एम. आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग हे अभ्यासक्रम शुल्क भरून करावे लागतात. २००१ साली भारतीय बँक संघटनेने आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आखली आणि सामान्य कुटुंबाला बँकेचे दार उघडले, ही चांगलीच गोष्ट झाली. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. मात्र आई किंवा वडील सहकर्जदार असतात. म्हणजे कर्ज मुलीच्या नावे असले, तरी ते घराच्या उंबरठ्यावर बसलेले असते.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक कुटुंबाने आपले आकडे घालून तो पुन्हा करावा. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये कर्ज काढले आणि व्याजाचा दर दहा टक्के आहे. शिक्षण संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता नसतो, पण व्याज चढत असते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन व चौथ्यावर दोन वर्षांचे सरळव्याज धरले तर १ लाख ४० हजार होतात. अर्थात पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज चार लाख नसून ५ लाख ४० हजार असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१०० रुपये पडतो आणि एकूण साडेआठ लाखांच्या आसपास भरावे लागतात. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ५,८०० वर येतो, पण एकूण रक्कम साडेदहा लाखांकडे जाते.

आता मिळकतीचे पारडे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेची मूळ वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. तिला ७,१०० चा हप्ता म्हणजे मूळ वेतनाचा पाचवा हिस्सा. जड आहे, पण पेलण्यासारखा. परंतु शासकीय भरती दरवर्षी होतेच असे नाही, आणि तोवर मुलगी खाजगी रुग्णालयात रुजू होते. एखाद्या लहान रुग्णालयाने तिला महिना बारा हजार देऊ केले असे धरा. हप्ता भरल्यावर तिच्या हाती पाच हजारही उरत नाहीत. पनवेल किंवा नवी मुंबईत खोलीचे भाडे भरून त्यात महिना कसा काढायचा? मग हप्ता वडील भरतात. नागोठण्याच्या ठेकेदारी कामगाराच्या पगारातून मुंबई परिसरातील एका रुग्णालयाच्या रात्रपाळीला अनुदान जाते, असेच म्हणावे लागेल.

कर्ज आणि मिळकत यांची सांगड घालण्याचा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत सामुदायिक महाविद्यालये व खाजगी व्यवसाय-संस्था आरोग्यसेवेचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालवतात. तेथील शासनाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नियम केले की, अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या बाबतीत पदवीधरांच्या कर्जाचा वार्षिक हप्ता त्यांच्या वार्षिक मिळकतीच्या आठ टक्क्यांच्या आत असावा, किंवा जीवनावश्यक खर्च वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या वीस टक्क्यांच्या आत असावा. जो अभ्यासक्रम वारंवार या कसोट्यांना उतरणार नाही, त्याला शासकीय कर्जसाहाय्य बंद. यांतील पहिली कसोटी वरच्या उदाहरणाला लावली, तर आमच्या मुलीला महिना सुमारे ८९,००० रुपये मिळायला हवेत! त्या मापाने पाहता शासकीय नोकरी मिळालेली परिचारिकादेखील अनुत्तीर्णच ठरते. परक्या देशाचे माप आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाही, हे आम्ही जाणतो. पण त्या नियमामागचा विचार मोलाचा आहे. अभ्यासक्रम चालवणाऱ्यानेही आपल्या विद्यार्थ्यांच्या पुढच्या आयुष्याची जबाबदारी घेतली पाहिजे, हा तो विचार. आपल्याकडे शुल्काची पावती फाडल्यावर संस्थेची जबाबदारी संपते.

इंग्लंडचा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे परिचर्येच्या विद्यार्थिनींना विद्यावेतन मिळत असे. २०१७ पासून नव्या विद्यार्थिनींसाठी ते बंद करून त्याजागी कर्ज देण्यात आले. प्रवेशासाठी येणारे अर्ज घटले. शेवटी २०२० मध्ये शासनाला वर्षाला किमान पाच हजार पौंडांचे, परत न करावयाचे अनुदान सुरू करावे लागले. श्रीमंत देशालाही कळून चुकले की, परिचारिकेच्या शिक्षणाचा सगळा भार तिच्याच खांद्यावर टाकला, तर उद्या रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहायला माणूस मिळणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्यातील काही सज्जन म्हणतात, सेवेचा हिशेब करू नये. हे कार्य देवाचे, त्याचे वेतन स्वर्गात. हे बोलणे ऐकायला गोड आहे, पण ते कोण कोणाला उद्देशून बोलतो हे पाहिले पाहिजे. व्रतस्थ भगिनी स्वतःबद्दल असे म्हणते तेव्हा ते तिचे समर्पण असते. तिच्या अन्नवस्त्राची व म्हातारपणाची काळजी तिचा संघ वाहतो. पण व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसलेला माणूस पगारवाढ मागणाऱ्या परिचारिकेला तेच वाक्य ऐकवतो, तेव्हा ते तिच्या ताटातले काढून घेणे होते. शब्द तोच, पण एका तोंडी तो दान आणि दुसऱ्या तोंडी पळवाट.

शिवाय हिशेब करणे हे काही श्रद्धेचे वैरी नव्हे. मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहील आणि लोक हसतील, हा दृष्टान्त संत लूकच्या शुभवर्तमानात खुद्द प्रभू येशूने सांगितला आहे. तो शिष्यत्वाची किंमत समजावण्यासाठी सांगितला, हे खरे. पण ज्या प्रभूने आत्मिक गोष्टीसाठी खर्चाच्या अंदाजाचे उदाहरण घेतले, त्याला आईबापांचा कागद-पेन्सिलीचा हिशेब अमंगळ वाटेल असे आम्हांला वाटत नाही.

दुसरा एक युक्तिवाद ऐकू येतो. मुलीने राजीखुशीने नेमणूकपत्रावर सही केली, मग तक्रार कसली? या युक्तिवादाला पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. 'रेरुम नोवारुम' या परिपत्रात त्यांनी म्हटले की, मालक व मजूर यांच्यात करार झाला एवढ्याने वेतन न्याय्य ठरत नाही; काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह त्यात झाला पाहिजे, आणि गरजेपोटी वा अधिक वाईटाच्या भीतीपोटी त्याने कमी वेतन पत्करले, तर तो अन्यायाचाच बळी होय. कर्जाचा हप्ता ज्या मुलीच्या डोक्यावर आहे तिची 'राजीखुशी' कितपत मोकळी असते? पहिला हप्ता जवळ आला की ती मिळेल त्या पगाराला होकार देते. कर्ज अशा रीतीने तिला सौदा करण्याच्या शक्तीपासूनच वंचित करते. बॉण्डची व मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची प्रथा याच दुर्बलतेवर पोसली गेली. २०११ साली मुंबईत एका तरुण परिचारिकेच्या आत्महत्येनंतर या प्रथेविरुद्ध परिचारिका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे समाजाचे लक्ष तिकडे गेले.

तर मग हिशेब तोट्याचा दिसतो म्हणून मुलीला या वाटेने पाठवूच नये काय? हे दुसरे टोक झाले, आणि तेही आम्हांला मान्य नाही. कारण वरच्या ताळेबंदात काही रकमा मुळातच धरलेल्या नाहीत.

पहिली रक्कम मुलीची स्वतःची. परिचर्येचे शिक्षण घेतलेली स्त्री कोणाची आश्रित राहत नाही. लग्नानंतर बदली झाली, दुर्दैवाने वैधव्य आले, नवऱ्याचा कारखाना बंद पडला, तरी तिच्या हातातील विद्या तिच्याबरोबर असते. सेवासदनाच्या त्या विधवांना हेच मिळाले होते. मात्र इथे एक अवघड गोष्ट उघड बोलली पाहिजे. लग्नाच्या बोलणीत मुलीचे कर्ज लपवले जाते किंवा हुंड्यासारखे घासाघिशीला घेतले जाते. "मुलगी आमच्याकडे येणार, मग पगार आमचा आणि कर्ज तुमचे," असा हिशेब करणारे सासर तिची विद्या फुकटात घेऊ पाहते. जो पगाराचा भागीदार, तो कर्जाचाही भागीदार असावा, एवढा साधा न्याय आपल्या घरांतून पाळला जावा.

दुसरी रक्कम समाजाची. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला आलेल्या महापुराने जांभूळपाड्यात हाहाकार उडवला. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात वायुगळतीनंतर झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे दगावली. महामार्गावरील अपघात तर नित्याचेच. अशा प्रसंगी जखमीच्या नाडीवर पहिला हात ठेवतो तो बहुधा परिचारिकेचा. रात्री अडलेल्या बाळंतिणीला आणि साप चावलेल्या शेतमजुराला डॉक्टर येईपर्यंत धीर देते तीही तीच. या कामाची किंमत तिच्या पगारपत्रकात नसते. तिच्या विद्येचा लाभ साऱ्या पंचक्रोशीला होतो आणि त्या विद्येचा खर्च मात्र एकट्या घराने सोसायचा, हीच खरी विषमता आहे.

आमच्या मते नैतिक प्रश्नाची गाठ येथे सुटते. हिशेब करणे चूक नाही. तो अपुरा करणे चूक आहे. मुलीने कमवावे किती आणि फेडावे किती, हे विचारून थांबता कामा नये. तिच्या शिकण्याने लाभ कोणाकोणाचा होतो आणि त्यांनी खर्चाचा वाटा उचलला काय, हेही विचारले पाहिजे.

रुग्णालयांचा वाटा म्हणजे न्याय्य वेतन. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने शिफारस केली की, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना वीस हजारांहून कमी वेतन असू नये, आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते शासकीय वेतनाइतके असावे. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. केरळमध्ये परिचारिका संघटित झाल्या, त्यांनी लढा दिला, आणि २०१८ मध्ये तेथील शासनाने वीस हजारांचे किमान वेतन अधिसूचित केले. आणि हे लिहिताना आमचे बोट आमच्याच दिशेनेही वळते. ख्रिस्तसभेशी जोडलेली रुग्णालये व शुश्रूषागृहे आपल्या देशात थोडीथोडकी नाहीत. त्यांच्या वेतनपत्रकात रेरुम नोवारुम उतरले आहे काय, हे प्रत्येक संस्थेने आपल्या मनाशी तपासावे.

शासनाचा वाटा काही प्रमाणात उचलला जात आहे. वार्षिक साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ पासून आली. हप्ता सुरू होईपर्यंतचे व्याज त्यातून भरले गेले, तर आमच्या उदाहरणातील हप्ता ७,१०० वरून सुमारे ५,३०० वर येतो. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. अशा योजनांना अटी असतात आणि त्या बदलतात. म्हणून दलालाच्या दारी जाण्यापूर्वी बँकेत व महाविद्यालयात लेखी विचारणा करावी. व्यवस्थापन कोट्यातील जागेची घाई अनेकदा लाखांत पडते.

परदेशी जाण्याची वाट पुष्कळांना खुणावते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. केरळ शासनाने २०२१ मध्ये जर्मनीशी जो करार केला, त्यात परिचारिकेकडून भरतीचे शुल्क न घेण्याचे तत्त्व आहे. हे तत्त्व आम्हांला फार उचित वाटते : ज्याला परिचारिका हवी, त्याने तिचा खर्च करावा. जिथे उलट मुलीकडूनच लाखांची मागणी होते, तिथे पालकांनी सावध व्हावे.

राहिला वाटा आपला, धर्मग्रामांचा. सणाच्या मंडपावर आणि लग्नाच्या बँडवर आपण किती उधळतो, हे सांगून कोणाला दुखवण्याची आमची इच्छा नाही. एवढेच सुचवतो की, प्रत्येक धर्मग्रामाने परिचर्या शिकणाऱ्या एका तरी मुलीचे, ती कोणत्याही धर्माची असो, कर्जावरील व्याज शिक्षण संपेपर्यंत भरावे. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते दहा हजार आणि चौथ्या वर्षी चाळीस हजार होते. शंभर कुटुंबांत वाटले तर सगळ्यात जड वर्षीही घरामागे चारशे रुपये पडतात. महिन्याला पस्तीस रुपयेही नाहीत.

आणि पालकांनी काय करावे? हिशेब करावा, पुरा करावा, आणि मुलीला शेजारी बसवून करावा. आधी शासकीय जागेसाठी प्रयत्न करावा. जी.एन.एम. करून नोकरी लागल्यावर पदवीची पायरी चढता येते, हे विसरू नये. महाविद्यालयात जाऊन मागच्या तुकडीतील मुली कुठे कामाला आहेत व काय कमावतात, हे त्या मुलींनाच विचारावे. सर्वांत शेवटी, आणि खरे पाहता सर्वांत आधी, मुलीला हे काम मनापासून हवे आहे काय, ते तिच्याच तोंडून ऐकावे. कर्ज पंधरा वर्षांत फिटते. नको असलेल्या कामात घातलेली वर्षे परत मिळत नाहीत. आणि ती मनापासून हो म्हणाली, हिशेबही पेलण्यासारखा निघाला, तर मग मागेपुढे पाहू नये. बँकेच्या कागदावर सही करताना मात्र तिला एवढे सांगावे की, हे ओझे तुझ्या एकटीचे नाही. हे सांगणे खरे ठरवण्याची जबाबदारी मग आपणा सर्वांची.